मशीन भंगारात जाणार नाही

५ ऑक्टोबर १९८८

मार्लीन,

तुझं पत्र सोमवारी आलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा न लावता, तेव्हा काही कळलं नाही. मग चष्मा लावून, तेव्हा राग आला. तिसऱ्यांदा राग उतरला का ते बघायला वाचलं. उतरला नव्हता.

तू लिहितेस, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत आपलं बर्फ उडवायचं मशीन नीट चालू झालं नाही तर मी फिनिक्सला, त्या ॲरिझोनाच्या उन्हात, तुमच्याकडे यायचं, एप्रिलपर्यंत. हे 'एप्रिलपर्यंत' मला चांगलं ठाऊक आहे. चर्चच्या मागे राहणारी हिल्या लेकाकडे एप्रिलपर्यंतच गेली होती. आता तिच्या घरात एक दातांचा डॉक्टर राहतो, आणि त्याने तिचं सफरचंदाचं झाड पाडून तिथे गाडी उभी केलीय. हिल्याला अजून सांगितलेलं नाही कुणी.

पण अट मला मान्य आहे. हे माझ्या हाताने लिहून देते. त्या दिवशी मशीन चाललं नाही तर मी बॅग भरते. चाललं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. अगदीच राहवलं नाही तर माझ्या दफनाच्या दिवशी काढ.

आता मशीनचं खरं खरं सांगते, काही लपवत नाही. रविवारी बाहेर काढलं. दोरी चौदा वेळा ओढली. पंधराव्यांदा चालू झालं, निळा धूर सोडला आणि मेलं. मग दुकानवाल्या नॉर्बर्टला बोलावलं. तो आला, त्याने दोरी हळूहळू ओढून बघितली आणि डॉक्टर पोट दाबताना करतात तसं तोंड केलं.

"काकू, याचा दम गेलाय."

"किती गेलाय?"

"माझ्या सासऱ्याएवढा."

"तुझा सासरा अजून शिकारीला जातो."

"जातो की. पण हरणं पळत नाहीत आता."

त्याचं म्हणणं, इंजिन आतून झिजलंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, आणि दोरी हाताला अडत नाही म्हणजे आतला दाब गेला. इतकं जुनं इंजिन उघडत बसण्यात अर्थ नाही, भंगारात टाक म्हणाला. "नवं घेतलंस तर दहा वर्षं त्याच्याकडे बघायला नको."

"मग माझ्याकडेही दहा वर्षं बघायला नको कुणी," मी म्हटलं.

त्याने हात पुसले. "खरं सांगू का काकू, या वयात नवं मशीन कशाला? लेकीकडे जा."

"अरे, आत्ता तूच विकत होतास ना?"

बिचारा कॉफी पिऊन गेला. वेलचीच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले, म्हणजे मनाने वाईट नाही. पण त्याची नवी मशीनं मी बघितली आहेत. गाईएवढी असतात. माझी उंची चार फूट अकरा इंच, आणि ह्या मशीनचे दांडे तुझ्या बाबांनी करवतीने कापून माझ्या हाताला बसवलेले. ट्रकला फाळ लावून बर्फ ढकलणारा मुलगा रस्त्यापासून दारापर्यंतचं बघतो, ते ठीक आहे. पण स्वयंपाकघरातून सौनापर्यंतची आणि लाकडांच्या शेडपर्यंतची वाट एका माणसाच्या रुंदीची. तिथे ट्रक शिरत नाही. आणि शनिवारी सौना तापला नाही, भट्टीपाशी बसून वाफ घेता आली नाही, तर मग ते घर कसलं? त्यापेक्षा हॉटेल बरं.

तर ऐक, खरी बातमी पुढेच आहे. मी शाळेत नाव घातलंय. हायस्कूलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी मोठ्यांसाठी वर्ग असतो, लहान इंजिनं दुरुस्त करायचा. आपापलं इंजिन घेऊन जायचं. सहावीतून काढून मला खाणकामगारांच्या खानावळीत भांडी घासायला धाडलं, त्याला बासष्ट वर्षं झाली. नाव लिहून घेणाऱ्या पोरीने विचारलं, "आधीचं शिक्षण?" मी म्हटलं, "सुटीवर आहे."

शेरीला सांग, आजीने नवं दप्तर घेतलंय.

आई


१२ ऑक्टोबर

मार्लीन,

शाळेत जाऊन आले. हात अजून काळे आहेत, कागदावर डाग दिसला तर तो मुद्दाम ठेवलाय असं समज.

आम्ही सात विद्यार्थी. सहा पुरुष आणि मी. बहुतेक लाकूडतोडे, आता गुडघे गेलेले. दारातच आर्वो नावाचा एक धिप्पाड माणूस मला म्हणाला, "आजी, विणकामाचा वर्ग वरच्या मजल्यावर." मी म्हटलं, "बाळा, विणकाम मी शिकवते. हे शिकायला आलेय." मग त्यानेच माझं इंजिन टेबलावर उचलून ठेवलं.

मास्तरांचं नाव पेंगेली. कॉर्निश माणूस, खाणींसाठी इंग्लंडहून आलेल्यांच्या घरातला, त्यामुळे मांस-बटाट्याची पेस्टी कशी करायची ते फक्त आपल्या आईला कळलं होतं असं मानणारा. पण बोट असं हलकं लावतात इंजिनला, जसं झोपलेल्या बाळाचा ताप बघावा. म्हणाले, उघडताना प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते लक्षात ठेवा. सगळ्यांनी कॉफीचे डबे आणले होते, त्यात खळखळ सगळं एकत्र. मी मफिनचा साचा नेला होता. बारा खळगे. पहिल्या खळग्यात पहिला निघालेला, दुसऱ्यात दुसरा. मास्तर तो साचा हातात घेऊन म्हणाले, "एकवीस वर्षं शिकवतोय, हे मला का सुचलं नाही?" "कारण तुम्ही कधी मफिन केले नाहीत," मी म्हटलं. पुढच्या मंगळवारी चार बायकांचे साचे घरातून गायब होणार, बघ तू.

मार्लीन, आत काय असतं ते कळल्यावर मला हसूच आलं. एवढं गुरगुरणारं मशीन, आणि आत एक पेला, त्यात वरखाली होणारं एक बूच. बस. पेला म्हणजे सिलिंडर, बूच म्हणजे पिस्टन. बुचाला तीन रिंगा, त्या पेल्याला घासून बसल्या पाहिजेत, नाहीतर दाब निसटतो आणि तेल वर चढून जळतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण बसलं नाही की काय होतं ते ज्या बाईला कळतं तिला इंजिन कळतं. उगाच पुरुषांनी इतकी वर्षं तोंड गंभीर करून ठेवलं.

पिस्टन ज्या दांड्यावर बसतो तो दांडा मास्तरांनी दिव्याखाली धरला. चकचकीत. म्हणाले, "हे एकदाही तेलाविना चाललेलं नाही. तसं चाललं असतं तर ही जागा जळून निळी पडली असती, खरवडली असती."

तुझ्या नवऱ्याला, डेलला, हे सांगू नकोस. म्हणजे सांगितलंस तरी चालेल. म्हणजे आत्ता नको.

मग त्यांनी विचारलं, "लेम्पीबाई, मशीन ठेवता कुठे?"

"आत."

"आत म्हणजे?"

"म्हणजे बाहेर नाही."

तेवढ्यात आर्वोच्या हातून काहीतरी पडलं आणि सगळे तिकडे बघायला लागले. चांगला माणूस आहे आर्वो.

आई


२७ ऑक्टोबर

मार्लीन,

परवा माप घेतलं. मास्तरांकडे एक चिमट्यासारखं हत्यार आहे, ते केसाची जाडी सांगतं. सिलिंडरची झीज किती निघाली माहीत आहे? वहीच्या दोन पानांएवढी. दोन पानं, मार्लीन. दोन पानांपायी मला ॲरिझोना.

आता नीट वाच, कारण मी ठरवलंय आणि तू फोनवर आरडाओरडा करशील, म्हणून आधी लिहिते.

मास्तर म्हणाले, तीन वाटा आहेत. "दुकानदार म्हणून विचाराल तर भंगार. नॉर्बर्ट खोटं बोलला नाही." दुसरी वाट, नुसत्या नव्या रिंगा घालायच्या. त्या त्यांच्या कपाटातच आहेत, एका संध्याकाळचं काम. मशीन धूर काढत का होईना, हा हिवाळा ओढेल. तिसरी वाट, सिलिंडर शहरातल्या कारखान्यात पाठवून आतून कापून थोडा मोठा करून घ्यायचा आणि त्याला मोठा पिस्टन मागवायचा. मग ते माझ्यापेक्षा जास्त चालेल. पण पिस्टन यायला तीन आठवडे, कधी चार. थँक्सगिव्हिंगला उरलेत चार.

आर्वो म्हणाला, "रिंगा टाका आजी. पैज जिंका, मग पुढचं पुढे."

सगळ्यांना पैज माहीत आहे. मीच सांगितली, काय करू, कॉफीच्या सुट्टीत दुसरं बोलायला काय असतं? पैसेही लागलेत माझ्या नावावर. वर्गातल्या वर्गात, पण चर्चमधल्या कुणाला कळू देऊ नकोस.

मी रात्रभर नाही, पण कॉफीचा एक कप संपेपर्यंत विचार केला. रिंगा टाकल्या तर मी नक्की जिंकते. पण पुढच्या ऑक्टोबरला तुझं हेच पत्र पुन्हा येणार. मशीन एक हिवाळा काढेल, मीही एक हिवाळा काढेन, दोघी धापा टाकत. मला असं चालायचं नाही. मी मास्तरांना म्हटलं, कापा. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा कापा म्हटलं. सिलिंडर बुधवारीच शहरात गेला.

पिस्टन वेळेत आला नाही तर मी हरेन आणि येईन. शब्द दिलाय. पण हरेन तर नीट दुरुस्ती करताना हरेन.

तू फोनवर म्हणालीस, डेलने न्हाणीघरात माझ्यासाठी भिंतीला दांडे बसवलेत, घसरू नये म्हणून. चांगला आहे तो. मी नेहमी म्हणते. म्हणजे मनात म्हणते.

पहिला बर्फ पडला. थोडाच, घोट्यापर्यंत. झाडूने काढला.

आई


९ नोव्हेंबर

मार्लीन,

सिलिंडर परत आला, आतून आरशासारखा. पिस्टन नाही आला.

बर्फ गुडघ्याच्या वर. फावड्याने वाट काढते, सकाळी अर्धी, दुपारी अर्धी, आणि तोवर सकाळची अर्धी पुन्हा भरलेली असते. तब्येत उत्तम. शनिवारी सौनाकडे जाताना जरा बर्फात बसले, आभाळ बघितलं, बरं वाटलं. थोडा वेळ बसले. फाळवाल्या मुलाने तुला फोन केला असेल तर तो वाढवून सांगतो, त्याची आईपण अशीच. उठवायला त्याची गरज नव्हती, तो आला होताच म्हणून हात दिला.

तू विचारलंस, मास्तरांनी झीज कशामुळे झाली ते सांगितलं का. मशीन जुनं आहे, आणखी काय. जुनं झालं की झिजतं.

शेरीचा फोटो मिळाला. केस फार कापलेत पण कान सुंदर आहेत, आमच्याकडचे.

आई


१६ नोव्हेंबर

मार्लीन,

हे पत्र बसून वाच. आणि डेल घरात असेल तर दुसऱ्या खोलीत जा.

काल वर्गात मास्तरांनी माझा जुना पिस्टन हातात धरला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. त्याच्यावर बारीक बारीक खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. म्हणाले, "हा गंज आहे. बर्फ इंजिनाच्या आत जात नाही, मग पाणी आलं कुठून?" मग त्यांनीच सांगितलं. थंडगार मशीन गरम दमट खोलीत नेलं की त्याला आतून घाम फुटतो, जसा फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरून फुटतो. इंजिन तासभर चाललं तर तो घाम उडून जातो. पण दहा मिनिटं चालवायचं आणि पुन्हा गरम खोलीत, असं वर्षानुवर्षं केलं की पाणी तेलात मिसळतं आणि तेल झिजवायला लागतं. "असं मशीन मी फक्त याच भागात बघतो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. "लेम्पीबाई, ठेवता कुठे?"

सहा जण माझ्याकडे बघत होते. एक सोडून सगळे आपल्यासारखे फिनिश.

"सौनात," मी म्हटलं. "बाहेरच्या खोलीत, जिथे आम्ही कपडे काढतो. भट्टीच्या भिंतीला लागून."

मग आर्वो म्हणाला, "सौनाने कशाला काही होईल?" दुसरा म्हणाला, "माझ्या आजोबांचा जन्म सौनात झाला." तिसरा म्हणाला, "माझंही मशीन सौनातच आहे," आणि लगेच गप्प बसला. मास्तर म्हणाले, "तुमचे आजोबा ठीक आहेत, पण ते कास्ट आयर्नचे नव्हते." आपल्याकडे म्हणतातच ना, सौनाने बरं होत नाही ते दुखणं मरणाचंच. त्यामुळे त्या खोलीत कुणाला पटेना. आर्वो तर असा रुसला की सुट्टीत त्याने मास्तरांनी आणलेल्या पेस्टीला हात लावला नाही.

मला पटलं. कारण मला आधीपासून माहीत होतं.

आता सांगते. मशीन सौनात ठेवायची कल्पना तुझ्या बाबांची नव्हती. ऊर्होला ते लाकडांच्या शेडमध्ये हवं होतं. मीच हट्ट धरला, की दिवसभर राबतं, त्यालाही ऊब मिळू दे, बर्फ वितळेल, सकाळी दोरी मऊ निघेल. निघायचीही. मी त्याला म्हणायचे, बघ, मला कळतं.

मग १९८१चा जानेवारी. ऊर्होचं पित्ताशयाचं ऑपरेशन, तुम्ही दोघं सुट्टीला आलेले, आणि डेलने दोन आठवडे मशीन चालवलं. आयुष्यात बर्फ न बघितलेला माणूस, पण रोज चालवायच्या आधी तेलाची काडी काढून बघायचा, मी खिडकीतून बघायचे. त्या काडीवर पांढरा फेस येत होता. सायीसारखा. तेलात पाणी गेलं की दूध होतं हे कळायला शाळा लागत नाही, स्वयंपाक येत असला की पुरे. मला कळलं पाणी कुठलं. ऊर्हो घरी यायच्या आदल्या दिवशी मी गुपचूप सगळं तेल काढून नवं भरलं, त्याला फेस दिसू नये म्हणून. माझा हट्ट चुकला हे त्याला कळू नये म्हणून, एवढंच. त्यात डेल कुठेच नव्हता माझ्या डोक्यात.

ऊर्होने दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं, निळा धूर आला, त्याने काडी बघितली आणि तेल नवंकोरं. मग त्याने काय समजायचं? जेवणाच्या टेबलावर तो डेलला म्हणाला, "कोरडं चालवलंस, आणि मग गुपचूप भरलंस." डेल म्हणाला, "मी रोज तेल बघितलं." ऊर्हो म्हणाला, "तुमच्या वाळवंटात तेल बघतात की वाळू?" पुढचं तुला माहीत आहे. तू तिथेच होतीस. मीही होते. मी सगळ्यांना आणखी कॉफी हवी का विचारलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. डेल परत आला नाही. बाबांच्या दफनाला तू एकटी आलीस.

आणि मशीन मी नंतरही सौनातच ठेवलं. हे मास्तरांना कळलं नसतं पण तुला सांगते. जागा बदलली असती तर ऊर्होने विचारलं असतं, आता का. म्हणून सात हिवाळे मी ते माझ्या हाताने तिथे नेऊन ठेवलं आणि माझ्या हाताने झिजवलं. ऊर्हो गेल्यावरसुद्धा. तोवर सवय झाली होती, आणि सवयीला विचारणारं कुणी नसतं.

मला कळतंय मी तुझ्या हातात काय देतेय. तू म्हणशील, जिला एक मशीन सांभाळता आलं नाही, जी सात वर्षं आपल्या माणसांशी खोटं वागली, ती एकटी राहणार? म्हण. बरोबर म्हणशील. पण अट मशीनची होती, माझ्या स्वभावाची नव्हती. पिस्टन अजून आलेला नाही. आठ दिवस आहेत. मी वाट बघतेय.

आई


२३ नोव्हेंबर

मार्लीन,

उद्या थँक्सगिव्हिंग. पत्र तुला नंतर मिळेल, पण लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाढवून सांगितलं असं नको.

पिस्टन सोमवारी दुपारी आला. काल वर्गात बसवला. मास्तर हात मागे बांधून उभे राहिले, मी म्हटलं तरी हात लावला नाही. रिंगा दाबून धरल्या मी, आत सरकवला मी. साच्यातला बारावा खळगा आधी, पहिला शेवटी. घट्ट बसला की दोरी ओढताना हाताला कसं अडतं, मार्लीन. कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं. आर्वो म्हणाला, "मी ओढू का आजी?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

तिसऱ्या ओढीला चालू झालं. धूर नाही. वर्गातले सगळे टोप्या काढून उभे राहिले, आणि मग टोपीतच पैजेचे पैसे वाटायला लागले, म्हणजे आदर थोडाच होता.

आता सकाळी बर्फात चालतंय की नाही ते बघायचं. चाललं की फोन करेन आणि रिसिव्हर खिडकीबाहेर धरेन. मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

आई


२५ नोव्हेंबर १९८८

डेल,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. नाताळच्या कार्डावर तुझं नाव मार्लीनच्या नावाला चिकटून लिहायचे, ते पत्र धरता येत नाही.

काल मशीन चाललं. चौदा इंच पडला होता, सगळा उडवला. मार्लीनला फोनवर आवाज ऐकवला. ती म्हणाली, "सात वर्षं, आई." एवढंच. मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "बरं. चालतंय. तिकीट काढत नाही." आणि म्हणाली, "पण डेलला मी काही सांगणार नाही. तूच लिही."

म्हणून लिहिते. इंजिन तुझ्यामुळे बिघडलं नव्हतं. माझ्यामुळे बिघडलं. मी ते गरम दमट खोलीत ठेवत होते, त्याने आत पाणी धरलं. नवं तेल मी भरलं होतं, ऊर्होला कळू नये म्हणून. सगळा हिशोब मार्लीनला लिहिलेल्या पत्रात आहे, ती आता तुला वाचायला देईल. पण एक गोष्ट मी तिलाही लिहिली नाही, ती तुझी आहे म्हणून.

त्या आठवड्यात एका सकाळी तू काडी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलास. बूट काढायला नको म्हणून आत आला नाहीस. मला दाखवलंस आणि विचारलंस, "आई, हा पांढरा फेस कसला?" मी म्हटलं, "थंडीत असंच असतं." तू विश्वास ठेवलास, कारण थंडीतलं तुला काय माहीत आणि मला काय माहीत नसणार.

दोन दिवसांनी त्या टेबलावर ऊर्हो तुला खोटारडा म्हणत होता तेव्हा तू एक वाक्य बोलला असतास की संपलं होतं. "मी आईंना दाखवलं होतं." तू माझ्याकडे बघितलंस. मी कॉफीची किटली धरून उभी होते. तू समजलास की मी बोलणार नाही. आणि तू कोट घातलास.

तू माझं नाव घेतलं नाहीस, बायकोलाही सांगितलं नाहीस, हे मला काल तिच्या आवाजावरून कळलं. तू काडी मला दाखवली होतीस हे तिला माहीतच नव्हतं. सात वर्षं तू ते एकट्याने धरून ठेवलंस, आणि वर माझ्यासाठी भिंतीला दांडे बसवलेस.

माफी मागते. जास्त शब्द मला येत नाहीत, सहावीपर्यंतच शिकले.

पण मी येणार नाही. हे दोन्ही एका पत्रात लिहिलं म्हणून माफी लहान होत नाही. माझं घर इथे आहे, मशीन चालतं, मी चालते. मशीन आता शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं आहे, थंडीत. पुढच्या मंगळवारपासून मास्तर मला साखळीच्या करवतीचं इंजिन शिकवणार आहेत.

आता राहिलं ते तुझ्याकडे. तू ज्या कारणासाठी येत नव्हतास ते कारण मी काल बाहेर काढून ठेवलं. ऊर्हो असता तर त्याला मीच सांगितलं असतं, असं लिहिणार होते, पण खरं नाही ते, सांगितलं नसतं. तो गेला, म्हणून मला सांगायला जमलं. तसलीच मी.

काल मी माझ्या पायापुरती वाट नाही काढली. रस्त्यापासून दारापर्यंत गाडीच्या रुंदीचं सगळं साफ केलं. फाळवाल्या मुलाला म्हटलं, इथे आता तू येऊ नकोस, हे मी बघते. त्याला वाटलं म्हातारी बिथरली. आज सकाळी पुन्हा आठ इंच पडला होता, पुन्हा काढला. उद्या पडेल, उद्या काढेन. भाड्याची गाडी घेतलीस तरी आत वळेल, मी पावलांनी मोजून बघितलंय.

लेम्पी